ग्लुटेन-फ्री चॉकलेट मफिनमधे भाजी लपवायचीय, पण आतून गच्च होतात – काय करू?

नाशिकची_आई:

नमस्कार सगळ्यांना. माझी मुलगी ७ वर्षांची आहे, गेल्या वर्षी तिला सिलिअ‍ॅक (गहू-जवातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) निघालं, रक्ताची टेस्ट, मग एंडोस्कोपी सगळं झालं, तेव्हापासून तिच्यासाठी गहू, मैदा, रवा, शेवया सगळं बंद. भाकरी ती आवडीने खाते त्यामुळे जेवणाचं तसं निभावतं, अडतं ते भाजीपाशी आणि केकपाशी. भाजीत बटाटा सोडून काही चालत नाही, पुलावात गाजराचा तुकडा दिसला तरी बोटाने उचलून ताटाच्या कडेला ठेवते. आणि शाळेत कुणाचा वाढदिवस असला की सगळी मुलं केक खातात आणि ही घरून नेलेली चिक्की. तक्रार करत नाही ती, पण मला फार वाटतं हो.

म्हणून विचार केला की चॉकलेट मफिन करून द्यावेत आणि त्यातच भाजी घालावी, दोन्ही प्रश्न सुटतील. सध्या मी असं करते – ज्वारी आणि तांदळाचं पीठ निम्मं निम्मं, कोको, गूळ, तेल, खायचा सोडा, आणि गाजर-बीट कुकरला उकडून मिक्सरमधून काढून. ओटीजीत १८० वर ठेवते. वरून छान फुगतात, भेगा पण मस्त पडतात, टूथपिक बऱ्यापैकी कोरडी येते, पण गार झाल्यावर चावलं की आतून गच्च, चिकट, दाताला धरतं. शिवाय तांदूळ किंचित कचकच लागतो आणि मागून सोड्याची चव राहते. साखर घालायची नाहीये, मैदा तर नाहीच, आणि रेडीमेड प्रीमिक्स बघितले तर त्यात निम्मी साखर आणि उरलेला स्टार्च, म्हणजे घरी करायचं तरी कशाला.

एका बेकरीत ग्लुटेन-फ्री म्हणून मफिन मिळाले होते, पण विचारल्यावर कळलं की मैद्याच्या केकचेच ट्रे आणि तोच बीटर, मग घेतलेच नाहीत.

तर कुणी नियमित करत असेल तर सांगा ना, कुठली भाजी कोकोत खरंच गायब होते, पिठं कुठली घ्यावीत, आणि हे गच्च होणं कसं थांबवायचं. आमच्याकडे मुलं आणि आम्ही अंडं खातो, सासूबाई खात नाहीत.

भोपळ्याचा_घारगा (ठाणे):

ताई, मी हे आठवड्याला करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांब होईल.

गव्हातलं ग्लुटेन दोन कामं करतं, पाणी धरून ठेवतं आणि फुगताना तयार होणारी हवा धरून ठेवतं. ज्वारी-तांदळाला हे जमत नाही, म्हणून साधा ग्लुटेन-फ्री केक दुसऱ्या दिवशी भुगा होतो. भाजीचा गर नेमका तो ओलावा देतो आणि त्यातलं फायबर पाणी धरून पण ठेवतं, त्यामुळे भाजी घातली म्हणून मफिन बिघडतो असं नाही, उलट या पिठांना ती हवीच असते, फक्त त्यातलं पाणी किती हे आपल्या हातात पाहिजे. तुमचं गच्च होतंय ते बहुतेक इथेच. कुकरला उकडलेलं गाजर-बीट पाण्यासकट मिक्सरला गेलं की गर पातळ होतो, ते पाणी ओव्हनमधे उडत नाही आणि तांदळाचा स्टार्च ते पिऊन खळ होऊन बसतो.

भाजी म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, लाल भोपळा. रंग कोकोत पूर्ण जातो, स्वतःची गोडी असते म्हणून गूळ कमी लागतो, वास जवळजवळ नसतो. फोडी कुकरच्या डब्यात पाणी न घालता वाफवा, चाळणीत १० मिनिटं निथळू द्या, मग घोटून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परता, डाव फिरवल्यावर कढईचा तळ दिसला पाहिजे आणि गर परत लगेच वाहत येता कामा नये. इतकं केलं की अर्धी लढाई जिंकली. असा आटवलेला गर २५० ग्रॅम घ्यायचा.

पिठं – नाचणी १०० ग्रॅम, ज्वारी ६० ग्रॅम, आणि ४० ग्रॅम साबुदाण्याचं पीठ किंवा कॉर्नफ्लोर. हा स्टार्चचा थोडा भाग ठेवाच, नाहीतर मफिन जड होतात, पण याच्यापेक्षा वाढवू नका. नाचणीचं पीठ आधी कोरडंच मंद आचेवर ४-५ मिनिटं भाजा, कच्चट वास जातो आणि चॉकलेटची चव उठून येते. नाचणीचा रंग मुळातच कोकोला साजेसा असल्यामुळे चॉकलेटी वस्तूत ती फार छान बसते. तांदूळ मी काढूनच टाकलाय, कचकच त्याचीच असते. घालायचाच असेल तर पीठ भिजवून ठेवायला लागतं, त्याबद्दल खाली लिहितेय.

बाकी कोको ३५ ग्रॅम, इसबगोल २ छोटे चमचे (मेडिकलमधे मिळतं ते, पण साधं घ्या, फ्लेवरवालं नाही), मीठ चिमूटभर, २ अंडी, बारीक किसलेला गूळ १२० ग्रॅम, तेल ८० मिली, दही ४ मोठे चमचे, व्हॅनिला. बेकिंग पावडर दीड छोटा चमचा आणि सोडा फक्त अर्धा चमचा. यात मध्यम आकाराचे १२ होतात.

आता कृतीतली खरी गोष्ट. अंडी, गूळ, तेल, दही, भोपळा एकत्र फेटून त्यात पिठं, कोको आणि इसबगोल घाला, एक मोठा चमचा कोको मात्र बाजूला ठेवा. हे मिश्रण झाकून २० मिनिटं तसंच राहू द्या, पिठं पाणी पितात, इसबगोल फुलतं, कचकच जाते आणि मिश्रण इडलीच्या पिठाएवढं घट्ट होतं. त्या वेळात ओव्हन तापवायला लावा. सोडा आणि बेकिंग पावडर आधीच घातली तर हवा त्या २० मिनिटांतच निघून जाते, म्हणून ती दोन्ही त्या राखून ठेवलेल्या चमचाभर कोकोत मिसळून, गाळण्यातून सगळीकडे भुरभुरवून अगदी शेवटी घालायची, चमच्याने हलकं ढवळायचं आणि लगेच साच्यात. कोकोत मिसळल्यामुळे सोड्याची गुठळी एकाच मफिनमधे जात नाही, आणि ते तोंडात कडू लागणं बंद होतं. १८० वर २० ते २४ मिनिटं. साच्यातून ५ मिनिटांनी काढून जाळीवर ठेवा आणि पूर्ण गार होईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका, गरम असताना कुठलाही ग्लुटेन-फ्री मफिन आतून चिकटच लागतो, स्टार्च गार झाल्यावरच बसतो.

सोड्याच्या चवीबद्दल अजून एक, तुमचा कोको कुठला आहे ते पाकिटावर बघा. घटकांमधे अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर लिहिलं असेल तर तो बहुतेक डच प्रोसेस्ड, त्यातली आंबट बाजू आधीच काढलेली असते. तुमच्या कृतीत दही पण नाही आणि कोको जर तसला असेल तर सोड्याला काम करायला आंबट फारसं काही मिळत नाही, तो तसाच उरतो आणि साबणासारखी चव येते. दही घातलं की हा प्रश्न मिटतो.

वेगळी_गिरणी (पुणे):

वरची कृती उत्तमच आहे, ती बायकोला दाखवली, या रविवारी करणार आहोत. पण माझ्या मुलालाही सिलिअ‍ॅक आहे आणि आम्ही ५ वर्षं यातून जातोय म्हणून मला कृतीच्या आधीची गोष्ट बोलायची आहे, पीठ येतं कुठून?

ताई, तुम्ही ज्वारी-तांदूळ गिरणीतून दळून आणता का? आणत असाल तर आधी ते थांबवा. आपल्या नेहमीच्या गिरणीत दिवसभर गहूच पडत असतो, तुमच्या आधीचं दळण गव्हाचं असेल तर पाट्यांमधे, नळीत, खालच्या कापडी पिशवीत गव्हाचं पीठ उरलेलं असतं आणि ते तुमच्या डब्यात येतं. गिरणीवाले काका भले असतात, म्हणतात आधी मूठभर ज्वारी टाकून साफ करून घेतो, पण तेवढ्याने भागत नाही. भारतात ग्लुटेन-फ्री लिहायला किलोमागे २० मिलीग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं, एफएसएसएआयचा म्हणजे सरकारी अन्न-सुरक्षा संस्थेचा नियम आहे. आता किलोभर पिठात एक चमचा गव्हाचं पीठ मिसळलं तर त्याच्या कितीतरी पट होतं, हिशेब करून बघा. उपवासाची भाजणी वेगळी दळून देतात तिथेही विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी चक्की तीच असते, फक्त त्या दिवसांत गहू टाकत नाहीत.

आम्ही घरघंटी घेतली आणि ती फक्त मुलासाठी ठेवली, त्यात गहू कधी पडलेलाच नाही. सेकंडहँड घेऊ नका, आतल्या सांदीतलं पीठ निघत नाही. सगळ्यांना घेणं जमेल असं नाही, तर मग ग्लुटेन-फ्री स्पष्ट लिहिलेली पाकिटं घ्या. नुसतं नाचणी पीठ किंवा मिलेट पीठ लिहिलेलं पुरत नाही, मागे घटक वाचा, मल्टीग्रेन म्हणून विकतात त्यात चक्क गहू पहिल्या नंबरवर असतो. आणि धान्य दळायचं असलं तरी आधी ताटात पसरून निवडायचंच, ज्वारीत गव्हाचा दाणा सापडतो, बाजारात पोती शेजारी शेजारी, मापटं एकच. निवडून, धुऊन, वाळवून मग दळायचं.

स्वयंपाकघरात पण दोन-तीन जागा आहेत ज्या लक्षात येत नाहीत. चाळणी, पिठाची चाळणी वेगळीच पाहिजे, जाळीतला मैदा धुऊन जात नाही. केकचा साचा तेल लावून मैदा भुरभुरवायची सवय असते, त्याऐवजी कोको भुरभुरवा, चिकटत नाही आणि बाहेरून पांढरं पण दिसत नाही. लाकडी डाव, लाकडी पोळपाट जुने नकोत. कोकोऐवजी ड्रिंकिंग चॉकलेट किंवा दुधात घालायची माल्टवाली पावडर कुणी सुचवली तर अजिबात नाही, माल्ट म्हणजे जव, त्यातही ग्लुटेन आहे. बेकिंग पावडरमधे पण स्टार्च असतो, बहुतेक मक्याचा, तरी डबी वाचून घ्या. आणि हे मफिनशी संबंधित नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, हिंग! आपल्याकडच्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आमच्या मुलाचे रिपोर्ट खाली येईनात तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न हिंगाचा विचारला होता.

नाशिकची_आई:

बापरे, किती मनापासून लिहिलंत दोघांनी, खूप खूप आभार. हिंग माहीत होतं, ते बदललंय. पण ज्वारी आम्ही गिरणीतूनच आणतो, आधी तांदूळ दळून घ्या सांगून. आजच बंद. कोकोची डबी बघितली, अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर लिहिलंय, म्हणजे सोड्याचं कोडं सुटलं.

एक विचारू का, भोपळ्याव्यतिरिक्त पालक, दुधी वगैरे चालेल का? आणि खरंच तिच्या पोटात किती भाजी जाईल यातून?

ताटातलं_विज्ञान (आहारतज्ज्ञ, कोल्हापूर):

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे म्हणून तिथूनच सुरू करते. वरच्या मापाने २५० ग्रॅम गर १२ मफिनमधे, म्हणजे एकात साधारण २० ग्रॅम भाजी. एक मफिन खाल्ला तर दोन-तीन घास भाजी गेली असं धरा. ते शून्यापेक्षा चांगलंच आहे, भोपळ्यातलं बीटा कॅरोटीन (ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं) शरीरात जायला सोबत स्निग्ध पदार्थ लागतो आणि तेल मफिनमधे आहेच. पण भाजीचा कोटा पूर्ण झाला असं समजू नका. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे खरं, मात्र एका मफिनमधे नाचणी येते ८ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३० मिलीग्रॅम. दूध-दही-तीळ चालू ठेवायचंच.

गुळाचं सांगते. १२० ग्रॅम गूळ १२ मफिनना, म्हणजे एकात १० ग्रॅम, दोन छोटे चमचे. गूळ शरीराच्या दृष्टीने साखरच आहे, त्यात लोह वगैरे थोडं असलं तरी म्हणून जास्त घालायला परवानगी मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत ठेवा, आणि त्यात गूळ-मध सगळं धरलेलं आहे. तुम्ही हळूहळू ९० ग्रॅमपर्यंत उतरा आणि बिया काढलेल्या ६-७ खजुरा भिजवून भोपळ्याबरोबरच वाटा, मुलीला फरक कळणार नाही. सगळा गूळ काढून नुसत्या खजुरावर करायला मात्र जाऊ नका, मफिन परत गच्च होतील.

भाज्यांबद्दल. पालक चालतो, गरम पाण्यात मिनिटभर घालून, गार पाण्यात टाकून, घट्ट पिळून वाटायचा, कोको असल्यामुळे हिरवा रंग दिसत नाही. पण तो एकटा घालू नका, भोपळ्याच्या गरात मूठभर पालकाचा गोळा इतपतच, जास्त झाला की गवताळ वास येतो. पालकात कॅल्शियम आहे असं आपण ऐकतो, पण त्यातल्याच ऑक्झलेट्स नावाच्या द्रव्यांमुळे ते अंगी फार कमी लागतं. दुधी किसून, मीठ न लावता पिळून घातला तर छान विरघळतो, फक्त कापल्यावर एक कच्चा तुकडा जिभेला लावून बघायचाच, कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्यायचा, कडू दुधी विषारी असतो आणि शिजवल्याने ते जात नाही. रताळं उत्तम, त्याला पाणी कमी असतं त्यामुळे आटवायलाही लागत नाही, पण साखर-स्टार्च जास्त.

बीट तुम्ही घालताय, त्याचा मातकट वास काही मुलांना लगेच कळतो. दही किंवा अर्धा चमचा लिंबाचा रस घातला की तो बराच दबतो, आणि उकडण्याऐवजी सालासकट ओव्हनमधे भाजलं तर अजून कमी. बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी झाली तर घाबरू नका, काही मुलांत होतं.

आता जे मला मनापासून वाटतं ते लिहिते. लपवा, पण कायम लपवू नका. सिलिअ‍ॅक असलेल्या मुलीला आयुष्यभर समोर आलेल्या प्रत्येक पदार्थाला विचारायचंय की यात काय आहे. तिच्या खाण्यात काय घातलंय हे घरात तरी तिच्यापासून लपलेलं असू नये. एकदा मफिन आवडला की मग तिलाच भोपळा घोटायला बसवा. आणि ताटात भाजीचा एक तुकडा रोज ठेवत राहा, खाल्ला नाही तरी रागवू नका, मुलांना नवीन चव स्वीकारायला ती बऱ्याचदा समोर यावी लागते.

लेस्टरवाली_मावशी:

आहारतज्ज्ञ ताईंशी सहमत, पण आईच्या बाजूने एक शब्द बोलू द्या. ज्या घरात वर्षभर प्रत्येक घासाची काळजी चाललीये तिथे पहिले काही महिने पोरीने आनंदाने केक खाणं हेच मोठं आहे. सांगायचं तेव्हा सांगू, घाई काय आहे. माझ्या भाचीला आम्ही सांगितलं त्या दिवशी तिने मफिनच सोडले, आणि परत खायला वर्ष गेलं.

मी इथे इंग्लंडमधे असते, सुनेला सिलिअ‍ॅक आहे. इकडे लेबल वाचणं जरा सोपं आहे, गहू-जव-राय (धान्य, मोहरी नव्हे) असलं की घटकांमधे ते उठून दिसेल असं, बहुतेक ठळक अक्षरात, छापावंच लागतं, आणि ग्लुटेन-फ्रीची मर्यादा इथेही तीच २० ची. भाजी म्हणून इकडे झुकिनी सगळे घालतात, किसून, पिळून, आणि ती खरंच नाहीशी होते. पिठात मी पाव भाग बदामाचं पीठ घालते, त्यातल्या तेलाने मफिन दोन दिवस मऊ राहतात. तिकडे बदाम महाग, तर शेंगदाण्याचं बारीक कूट ५० ग्रॅम ज्वारीऐवजी घालून बघ गं, चॉकलेट आणि शेंगदाणा छानच जमतं, फक्त वर्गात कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का ते विचारून मगच शाळेत दे.

ओट्स बरेच जण सुचवतील. ओट्समधे मुळात गव्हातलं ग्लुटेन नसतं, पण शेतात आणि कारखान्यात गव्हाबरोबर मिसळतात, त्यामुळे ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच घ्यायचे आणि तेही डॉक्टरांना विचारून, कारण काही सिलिअ‍ॅक पेशंटना चांगले ओट्सही सोसत नाहीत.

तळकोकण:

इतकं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. तुम्ही सगळे जे करताय ते आमच्याकडे सिंधुदुर्गात आणि पलीकडे गोव्यात पिढ्यानपिढ्या चालू आहे, धोंडस म्हणा, तवसाळी म्हणा. पावसाळ्यात मोठी पिकलेली काकडी येते, तवसं, तिचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं. मैदा नाही, अंडं नाही, सोडा पण नाही. काकडीच्या पाण्यातच रवा शिजतो, घोटारगा म्हणाला तसं भाजीचंच पाणी कामाला येतं. आई अजून चुलीवर टोपात करते, झाकणावर निखारे ठेवून, खालून-वरून दोन्हीकडून भाजलं जातं आणि कडेला जी खरपूस साय धरते त्यावर आम्ही भावंडं भांडायचो.

कृती थोडक्यात देतो. १ वाटी तांदळाचा जाडसर रवा तुपावर गुलाबी भाजायचा. २ वाट्या काकडीचा कीस पाण्यासकट (इथे पिळायचं नाही!), पाऊण ते एक वाटी गूळ, अर्धी वाटी खोबरं, मीठ, वेलची हे उकळून त्यात रवा घालून झाकण ठेवून वाफ काढायची, घट्टसर झालं की तूप लावलेल्या भांड्यात थापून ओव्हनला १८० वर ४० मिनिटं. यात रवा घालताना २ मोठे चमचे कोको घाला, वेलची वगळा, वाटीत थापून छोटे छोटे करा. मफिनसारखं जाळीदार होणार नाही, दाटसरच असतं, पण ते दाटपण त्याचं स्वतःचं आहे आणि सासूबाईंना पण चालेल. काकडी आधी चाखा, टोकाकडे कडू निघते. तांदूळ रवा मात्र वर दादांनी सांगितलं तसा, घरीच तांदूळ धुऊन वाळवून मिक्सरला भरडलेला घ्या. आणि काही घरांत हे गव्हाच्या रव्याचंही करतात, त्यामुळे बाहेर कुठे समोर आलं तर विचारल्याशिवाय मुलीला देऊ नका.

भोपळ्याचा_घारगा (ठाणे):

वा, माझ्या घारग्याचं घोटारगा झालं, नाव आवडलं, तेच ठेवते आता :) तवसाळी खरंच लक्षातच आली नव्हती, आणि कोकोची कल्पना मस्त.

सासूबाईंसाठी बिनअंड्याचे हवे असतील तर वरच्या कृतीत २ अंड्यांऐवजी जवसाची (अळशीची, जव नव्हे) पूड १ मोठा चमचा ३ चमचे पाण्यात भिजवून घाला, इसबगोल दीड मोठा चमचा करा आणि दही साधारण १०० ग्रॅम घ्या. थोडे कमी फुगतात, चव तीच. साचे लहान घ्या आणि ५ मिनिटं जास्त ठेवा, बिनअंड्याचा मफिन मोठा केला की मधेच कच्चा राहतो. इसबगोल याहून वाढवू नका, रबरासारखं होतं.

अंशुलची_मम्मी:

थ्रेड वाचतेय, फार छान माहिती. माझ्या ५ वर्षांच्या मुलाचं पण सारखं पोट दुखतं, वजन वाढत नाही, रक्त कमी आहे. मी विचार करतेय की महिनाभर गहू बंद करून हे मफिन वगैरे देऊन बघू, फरक पडला तर कळेलच ना?

ताटातलं_विज्ञान (आहारतज्ज्ञ, कोल्हापूर):

नाही, कृपया असं करू नका. गहू बंद केला की रक्तातल्या अँटीबॉडी कमी होत जातात आणि मग टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, पुढे निदानासाठी मुलाला परत मुद्दाम गहू खायला घालायला लागतो आणि त्याला त्रास होतो. गहू चालू असतानाच बालरोगतज्ज्ञांकडे जा, टीटीजी-आयजीए ही रक्ताची टेस्ट आणि सोबत एकूण आयजीए करायला सांगतील. वजन न वाढणं आणि रक्त कमी असणं यासाठी उशीर करू नका, याच आठवड्यात जा. रिपोर्ट आल्यावर इथे लिहा, आहाराचं मी सांगेन.

अंशुलची_मम्मी:

हो ताई, उद्याच अपॉइंटमेंट घेते. थँक्यू.

नाशिकची_आई:

काल केले! भोपळ्याचे, नाचणीचं आणि ज्वारीचं ग्लुटेन-फ्री लिहिलेलं पाकीट आणून. आतून मऊ, सुटे, आणि सोड्याची चव अजिबात नाही. कढईत गर आटवायला बराच वेळ लागला, पण डावाने तळ दिसेपर्यंत सोडलं नाही. मुलीने दोन खाल्ले आणि तिसरा मागितला. मावशी म्हणतात तसं आत्ता सांगितलं नाहीये, पण पुढच्या वेळी घोटायला तिलाच बसवीन, बघू काय म्हणते.

शेवटचा प्रश्न, १२ एकदम संपत नाहीत. फ्रिजमधे ठेवले तर आज सकाळी कडक झाले होते. शाळेत वाढदिवस कधी असेल ते आदल्या रात्री कळतं, तेव्हा एवढं सगळं करणं शक्य नाही.

वेगळी_गिरणी (पुणे):

फ्रिज नको, फ्रीजर. फ्रिजच्या थंडीत स्टार्च लवकर कडक होतो, ग्लुटेन-फ्रीला तर जास्तच. करता त्याच दिवशी पूर्ण गार झाल्यावर एकेक मफिन वेगळा गुंडाळून डब्यात घालून फ्रीजरला टाका, महिनाभर छान राहतात. डब्यावर तिचं नाव लिहा म्हणजे पाहुणे आले की कुणी चुकून काढून वाटणार नाही. शाळेच्या दिवशी सकाळी काढून मायक्रोवेव्हला २०-३० सेकंद, नाहीतर इडलीपात्रात ३-४ मिनिटं वाफ, त्यावर कोरडं कापड टाकून, म्हणजे पाणी पडत नाही. मधल्या सुट्टीपर्यंत मऊ राहतो. आम्ही वर्गशिक्षिकेकडे एक छोटा डबा देऊन ठेवलाय, शाळेच्या ऑफिसमधल्या फ्रीजरमधे ४ मफिन कायम असतात, अचानक केक आला तरी मुलाला त्याचा मिळतो. तुमच्या शाळेत विचारून बघा, बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत.